चवबाई

चमचा तोंडात होता आणि तोंडात काहीच नव्हतं.

चवबाईनं डोळे मिटले. डोळे मिटले की बघणाऱ्याला वाटतं, बाई चवीत अगदी बुडून गेली. तिनं उकडलेला दाणा डाव्या दाढेखाली घेतला, मग उजव्या, जिभेनं टाळूला लावला, सगळं रीतसर केलं. दाणा मऊ आहे एवढं कळलं. साल जरा चिवट आहे, तेही कळलं. त्यापुढे काही नाही. कोमट लगदा चघळावा तसं वाटत होतं.

"काय म्हणतोय सत्तावीस नंबर?" मॅडमनी दाराबाहेरून विचारलं.

मॅडम आत येत नसत. त्यांनीच घालून घेतलेला दंडक होता. वाण ज्यानं तयार केलं त्यानं ते चाखायचं नाही, कारण आपल्या हातानं वाढवलेल्या वेलीची शेंग माणसाला गोडच लागणार. म्हणून त्या बियाणं संशोधन केंद्रात घेवड्याचं नवीन वाण आलं की ते उकडायचं चवबाईनं, चाखायचं चवबाईनं आणि दहापैकी गुणही द्यायचे चवबाईनंच. पूर्वी चाखायला पाच जण बसत. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, आणि रिकाम्या खुर्च्या तशाच राहिल्या. उरली एकटी ती. तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. फाटकावरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला चवबाईच म्हणत.

"उद्या सांगितलं तर चालेल का, मॅडम?"

"हल्ली तुम्ही सगळं उद्यावर टाकता."

"घाईत चव कळत नाही."

"तेही खरंच," मॅडम म्हणाल्या आणि व्हरांड्यातून चपला वाजवत निघून गेल्या. चवबाईनं डोळे उघडले. चाखणीच्या त्या खोलीला एकच खिडकी होती, आणि बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून ती कायमची बंद करून टाकली होती. पंखाही नव्हता. एक शेगडी, एक नळ, पांढऱ्या वाट्यांची चळत आणि भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची. त्या खुर्चीत बसून तिनं उमेदीच्या वयापासून आजवर घेवडा खाल्ला होता. कुठला दाणा विहिरीच्या पाण्यात शिजलाय आणि कुठला नळाच्या, हे ती एके काळी पैजेवर सांगत असे आणि पैज हरत नसे.

गेल्या थंडीत तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना जीभ घेऊन गेला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू परत. कुणाकुणाची नाहीही येत, असं ती दाराशी पोचल्यावर म्हणाले. ती घरी आली, मिठाचा डबा उघडला, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि उभी राहिली. देवा, बाकीचं राहू दे, एवढं मीठ तरी कळू दे, असं म्हणाली. देवाला तेव्हा दुसरं काही काम असावं.

मग तिनं हे कुणाला सांगितलं का नाही? सांगायला तोंड होतं, पण त्या तोंडावरच तर सगळं घर उभं होतं. राहायची जागा केंद्राची. नवरा दूरवर रस्त्यांच्या कामावर, वर्षातून दोनदा उगवायचा. लेक बाहेरगावी शिकायला. घरात ती आणि सासूबाई. तेही घर केंद्राच्याच कुंपणात, प्रयोगाच्या शेताला पाठ लावून. सकाळी घराच्या दारातून निघायचं ते चाखणीच्या दारात शिरायचं, मधे शंभरेक पावलांची पायवाट. जीभ गेली म्हटल्यावर हे दार गेलं, आणि हे गेलं की ते गेलं. शिवाय मनातली एक गोष्ट ती स्वतःशीसुद्धा बोलत नसे. जिला चव नाही तिला चवबाई कोण म्हणणार? आणि मग तिला म्हणायचं तरी काय?

तर तिनं युक्ती काढली. उरलेला नमुना खतखड्ड्यात टाकायचा असा नियम होता. ती त्यातली वाटीभर डब्यात घालून घरी नेऊ लागली आणि रात्रीच्या जेवणात सासूबाईंच्या पानात वाढू लागली. एक शब्द न बोलता.

सासूबाईंना बोलायला कुणी सांगावं लागत नसे. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती, आणि एकदा ठेवलेली नावं त्यांनी कधी परत वापरली नव्हती. रोज ताजी. सुनेनं इतकी वर्षं ती गिळली, मोरीत जाऊन डोळे पुसले, माहेरी गेल्यावर बहिणीजवळ ओकली. आता तीच नावं ती कान देऊन ऐकू लागली. "हे दाणे आहेत की भिजवलेला पुठ्ठा?" असं सासूबाई म्हणाल्या की चार गुण. "साबणाच्या पाण्यात उकडलेस का गं?" म्हणजे कडवट, सरळ नापास. "भूक लागलीये म्हणून चालवून घेते" म्हणजे सात. आणि एकदा त्या म्हणाल्या, "तुझ्या हातून झालंय म्हणजे चुकूनच झालं असणार." त्या वाणाला दुसऱ्या दिवशी नऊ मिळाले. मॅडमना त्या वाणाचं फार कौतुक वाटलं. सुनेला सासूचं.

हसू येतं खरं. पण जिच्या टोमण्यांनी अर्धा जन्म पोळला, तिच्याच तोंडाकडे रोज रात्री आशेनं बघत बसायचं, ही काय साधी कैद झाली? सासूबाई एखाद्या दिवशी उपाशी झोपल्या तर सुनेला मॅडमकडे आणखी एक उद्या मागावा लागे.

त्यात सत्तावीस नंबर फार मोलाचा. मॅडमचे केस पांढरे झाले ते या वेलीपायी. त्यांना असा घेवडा हवा होता, की जो घराच्या मागच्या कुंपणावर, बादलीभर सांडपाण्यावर चढेल आणि नेमका त्या दिवसांत शेंगा देईल, जेव्हा जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं अजून शेतात उभं असतं. त्या दिवसांत घराघरातल्या बायका पोरांना लवकर निजवतात, म्हणजे रात्रीचं जेवण मागायला ती जागी राहत नाहीत. मॅडमनी त्यासाठी रानातली एक वेल आणून तिचा संकर केला. रानवेल काटक होती, पाण्यावाचून तगायची. पण तिचा दाणा कडूजहर. काटकपणा ठेवायचा आणि कडूपणा काढायचा, एवढंच काम. एवढ्यासाठीच चवबाई.

त्या दिवशी संध्याकाळी चवबाईनं सत्तावीस नंबरचा डबा ओट्यावर ठेवला आणि आधी चहा टाकला. दोघी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसल्या. चवबाई शेताकडे बघत कप संपवत होती. डोक्यात एकच, आज सासूबाई काय म्हणतील. सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि कप खाली केला. सुनेकडे बघितलं. सून घोटामागून घोट घेत होती. मग सासूबाईंनीही कप उचलला आणि न बोलता रिकामा केला.

"काय झालं?" चवबाईनं विचारलं. "आज चहाला नाव नाही ठेवलंत?"

"रोज रोज काय ठेवायचं? माझं तोंड आहे की रस्त्यांना नावं देणारी म्युनिसिपालिटी?"

रात्री सत्तावीस नंबर पानात पडला. तांबूस दाणे, वर बारीक ठिपके. सासूबाईंनी घास घेतला. त्यांचा जबडा क्षणभर थांबला. त्यांनी सुनेकडे नीट, खूप दिवसांनी बघावं तसं बघितलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

चवबाईला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. "काय म्हणालात?"

"छान झालंय म्हटलं. आणखी वाढ थोडं."

वाढताना चवबाईचे डोळे भरले होते. सासूबाईंनी ते बघितलं, आणि तेवढे संपल्यावर पुन्हा एकदा वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत बसली, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "नऊ."

दाराबाहेर काही आवाज आला नाही. तिनं वळून बघितलं तर मॅडम व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळा सुटल्यावर घरचं माणूस न्यायला येईपर्यंत मुली बसतात तशा.

"कडू नाही?"

"नाही, मॅडम."

"घशात मागाहूनसुद्धा?"

"नाही."

मॅडमनी मान हलवली.

सत्तावीस नंबर बियाण्यासाठी पेरला गेला. चवबाईच्या मागच्या पायरीवरून ती वेल दिसायची, हिरवीगार, तारेवर पसरलेली. घरात सासूबाईंची जीभ निवळली होती. काहीही पुढे ठेवा, छान झालंय. चवबाईला वाटलं, वय झालं म्हातारीचं, गोड झाली. वाणं येत होती आणि आठ-नऊ गुण घेऊन जात होती. मॅडम म्हणत, रानवेलीचा कडूपणा एकदाचा धुऊन निघाला. कधी कधी भांडी घासताना चवबाईच्या मनात यायचं, की सगळंच छान कसं? मग ती नळ मोठा करायची. इतक्या वर्षांनी घरात कुणी बरं म्हणतंय, तर त्याचाही हिशेब मागायचा?

वेल पिकली, शेंगा वाळल्या, दाणे कागदी पुड्यांत भरून कोठारात रचले गेले. सोमवारी वाटप ठरलं. आसपासच्या वस्त्यांमधल्या बायका येणार होत्या, घराला एक पुडी. त्याआधीच्या शनिवारी सुट्टीसाठी लेक घरी आली.

रविवारी दुपारी तिघी जेवायला बसल्या. लेकीनं भाताचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, भात लागलाय गं खाली. आणि मीठ केवढं घातलंयस."

"छान झालंय की," सासूबाई म्हणाल्या.

"छान? आजी, तू कधीपासून..." लेक एकदम थांबली आणि कळवळली. टेबलाखाली काहीतरी झालं होतं. चवबाईनं खाली बघितलं. सासूबाईंचा पाय लेकीच्या पायावरून मागे सरकत होता.

लेक ताटात बघू लागली. चवबाईनं हात धुतला, लेकीला म्हणाली, "जा, बाहेर जरा फिरून ये," आणि ती गेल्यावर सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसली.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

सासूबाईंनी शिताशी चाळा केला. "चहात मीठ घातलंस त्या दिवसापासून. साखरेच्या बरणीशेजारी ठेवतेस ना तो डबा. मला वाटलं चूक झाली असेल, आता थुंकशील. पण तू अख्खा कप प्यायलीस, शेताकडे बघत. तेव्हा कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? रोज खारट, रोज अळणी, म्हणून सांगू? ज्या माणसाला कळतच नाही त्याला बोलण्यात काय राम? एवढी का मी वाईट आहे?"

चवबाईनं टेबलाची कड धरली. "ते ठिपक्यांचे दाणे आठवतात? तांबूस. त्याच रात्री केले होते."

"आठवतात की. विष होतं ते."

"तुम्ही दोनदा मागून घेतलेत."

"तू रडवेली झाली होतीस म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत घसा कडू होता माझा. गुळण्या करून करून थकले. पण तुझं तोंड असं फुललं होतं, की म्हटलं, जाऊ दे, एक वाटी विष काही माणसाला मारत नाही."

मग त्यांना चवबाईनं सगळं सांगितलं. डबे, नमुने, पुठ्ठ्याचे चार गुण, साबणाचे नापास. सासूबाई ऐकत राहिल्या. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, "म्हणजे मी दया दाखवली आणि तीच नेमकी नको तिथे."

"तुमची काय चूक? माझी आहे."

"सांगू नकोस मॅडमना," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "जागा जाईल." आणि आणखी थोड्या वेळानं, भांड्यातल्या करपलेल्या भाताकडे बघत, "किती घरी जाणार आहेत त्या पुड्या?"

चवबाई उठली.

रविवार असूनही मॅडम कोठारातच होत्या. पुड्यांच्या रांगांमधून फिरत एखादी सरळ करत होत्या, एखादीची घडी दाबत होत्या. चवबाईला बघून त्या हसल्या.

"राहवलं नाही ना तुम्हालाही? या. काल एक आजीबाई फाटकापाशी येऊन विचारून गेली, उद्या नक्की देणार ना म्हणून. कुंपण मोकळं करून ठेवलंय म्हणे. दुधी उपटून टाकला."

दुधी उपटून टाकला हे ऐकलं आणि चवबाईनं वाटेत जुळवून आणलेली सगळी वाक्यं विस्कटली.

"मॅडम, सत्तावीस नंबर कडू आहे."

"काय?"

"कडू आहे. मला चव येत नाही. गेल्या थंडीत ताप आला, तेव्हापासून."

त्यांनी जवळची एक पुडी उचलली आणि चाखणीच्या खोलीकडे चालू लागल्या. चवबाई मागोमाग गेली. दाराशी मॅडम थांबल्या, उंबऱ्याकडे बघितलं आणि आत आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दाणे कोरडे होते, शिजायला वेळ लागणार होता. दार लावलेलं, खिडकी बंद, शेगडीची धग. मॅडम भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसल्या आणि चवबाई भांड्यापाशी उभी राहिली. भांड्याचं झाकण थरथरू लागलं. दोघींच्या कपाळावर घाम आला. चवबाईच्या मनात आलं, देवा, सासूबाई खोटं बोलल्या असू देत. म्हातारीला नावं ठेवायची खोड आहे, त्यातलंच हे एक असू दे.

"मधले गुण कुणाचे?" मॅडमनी भिंतीकडे बघत विचारलं. "तापानंतर सुरुवातीला तुम्ही दिलेत ते. ते बरोबर होते. तेव्हा पडताळायला मी गावातल्या बायकांनाही दाणे दिले होते, त्यांनीही तेच सांगितलं."

"सासूबाईंचे. त्या नावं ठेवायच्या, त्यावरून मी..."

"आणि सत्तावीसला?"

"त्यांना माझी कीव आली होती."

मॅडमच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा असेल, नसेलही.

चवबाईनं वाटीत दाणे काढले, चमचा धुऊन पुसून वाटीत ठेवला आणि वाटी त्यांच्या पुढे केली. मॅडमनी दाणा तोंडात घातला. डाव्या दाढेखाली घेतला, मग उजव्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत. चवबाई त्यांच्या गालाकडे बघत होती. गाल हलायचा थांबला, तेव्हा तिला कळलं. मॅडमनी थुंकलं नाही. गिळलं, थोड्या थांबल्या आणि पुन्हा एक चमचाभर घेतलं. तेही गिळलं.

"पाणी देऊ?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "राहू दे जरा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मॅडम उठल्या. "उद्या ज्या येतील त्यांना गेल्या वर्षीचा साधा घेवडा द्यायचा. कोठारात असेल तेवढा. मी स्वतः सांगेन त्यांना." दाराशी वळून त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी का नाही बोललात, बाई?"

चवबाई नाही म्हणाल्या. बाई म्हणाल्या. आणि उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

तिला काढलं नाही. जागाही गेली नाही, तूर्तास राहा, असं मोठे साहेब म्हणाले. आता त्या खोलीत गावातून बोलावलेल्या बायका बसतात, आपापसांत बोलतात, हे बरं ते वाईट म्हणतात. दार बंद असतं. बाहेर नळावर ती वाट्या घासते. आतून चमच्यांचा आवाज येतो तेव्हा तिची जीभ आपोआप टाळूला लागते. पायवाट तीच, दोन्ही दारं तीच. तारेवरची वेल उपटून काढली, तिथे मॅडमनी परत पहिल्यापासून दाणे टोचलेत. मॅडम येता-जाता बोलतात, पण कामापुरतं.

सुट्टी संपवून लेक गेली, त्या संध्याकाळी चवबाईनं साधाच घेवडा शिजवला, पातळ रस्सा केला आणि भांडं टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी एक चमचा घेतला.

"छान" येणार म्हणून ती वाट बघत राहिली.

"अळणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "तोंडात धरवत नाही. एवढं वय झालं तुझं, रस्सा म्हणजे नळाचं पाणी नव्हे, हे कधी कळायचं?"

चवबाई उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली. एक चिमूट भांड्यात सोडून ढवळलं. सासूबाईंनी चाखून बघितलं.

"आणखी."

तिनं आणखी सोडलं.

"जरा आणखी. हात आखडता कशाला घेतेस, तुझ्या बापाचं मीठ आहे का?"

तिनं पुन्हा चिमूट उचलली, तेवढ्यात सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात कोरडा आणि खरबरीत होता. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

"बस, पोरी," त्या म्हणाल्या. "आता झालं."

बोटांना मीठ तसंच चिकटून होतं. चवबाईनं ते जिभेवर ठेवलं, थोडी थांबली, आणि मग खुर्ची ओढून जेवायला बसली.